स्ट्रेचरवरचे श्रीपादराव

श्रीपाद आठल्ये हा जयपूरच्या सी-स्कीममधल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत अधिकारी. बायको शालिनी सांगलीला शिक्षिका आणि हा तीन वर्षं झोटवाड्याच्या खोलीत स्वतःच्या हातची करपलेली भाजी खातोय. सांगलीला बदली, एवढंच त्याचं मागणं. ती कचेरीप्रमुख गुलाबराव साहेबांच्या हातात होती. साहेब जळगावचे, म्हणजे आपला माणूस, अशी श्रीपादची भाबडी समजूत. आपल्या माणसाने आपल्याला किती झुलवावं याला काही सुमारच नसतो.

कंपनीने अग्निशमन दलाला दोर भेट दिले. मग नाहरगढच्या डोंगरउतारावरून जखमी माणूस वर कसा काढायचा, याचा सराव साहेबांसमोर ठरला. जवान एरवी स्ट्रेचरवर वाळूचं पोतं बांधतात. पण पोत्याला बदली नको असते.

"साहेब, पोत्याऐवजी मी!" श्रीपाद म्हणाला.

साहेब खूश झाले आणि सरावाला तासभर उशिरा आले. तोवर श्रीपाद हेल्मेटसकट आवळून बांधलेला, खाली उन्हात पडून होता.

वर दोरावर पाच जवान, स्ट्रेचरला धरून सोबत चढणारा एक, आणि या सगळ्यांचा प्रमुख देवराम. त्यांचा नियम असा की 'खींचो' एकट्या देवरामने म्हणायचं, पण धोका दिसला तर 'रुको' कुणीही म्हणावं. ते ऐकलं की दोर जागच्या जागी थांबवायचा आणि देवरामने सगळं तपासल्याशिवाय पुन्हा हलवायचा नाही. नियम शहाणा आहे, जीव वाचवणारा आहे. साहेबांना तो सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं.

"खींचो!" देवराम म्हणाला. स्ट्रेचर वर सरकलं.

"रुको, रुको! फोटो!" साहेब ओरडले.

दोर थांबला. देवरामने गाठी तपासल्या आणि हात जोडून म्हणाला, "साब, खतरा हो तभी बोलिए."

"हां हां, बिलकुल," साहेब म्हणाले, आणि लगेच, "रुको! कंपनीचं नाव झाकलं जातंय!"

मग बॅनर सरकवायला 'रुको', साहेबांचा चष्मा पुसायला 'रुको'. उंटावरून शेळ्या हाकायला साहेबांना उंटही लागत नाही, माइक पुरतो. इकडे श्रीपादच्या नाकावर माशी बसलेली आणि दोन्ही हात बांधलेले. खाली दरी. त्याला भीती वाटत होती, रडूही येत होतं. पण सांगलीसाठी तो माशीकडे बघूनही हसत राहिला, न जाणो तिचाही फोटो निघत असेल.

वरचा काठ हातभर राहिला, तेव्हा दोर इंचइंच सरकत असतानाच साहेबांनी भाषण सुरू केलं.

"हे आमचे श्रीपादराव! सांगलीच्या बदलीसाठी यांनी अर्ज केलाय."

श्रीपादचे डोळे लकाकले. शालिनीला आधी फोन करायचा की थेट तिकीटच काढायचं?

"पण असा जिगरबाज माणूस मी जयपूरमधून हलू देईन का? आता दरवर्षी हा सराव होणार, आणि दरवर्षी स्ट्रेचरवर श्रीपादरावच!"

टाळ्या पडल्या.

"रुको!" श्रीपाद जिवाच्या आकांताने ओरडला.

पाची जवानांनी दोर तिथल्या तिथे रोखला. देवराम धावत काठाशी आला आणि एकेक गाठ तपासू लागला. स्ट्रेचरशेजारचा जवान वाकून विचारत होता, "साब, कहाँ लगी?"

साहेबांचं भाषण चालूच होतं.