सायराकान-आपाचं आशर

सायराकान-आपाच्या कुत्रीचं पिल्लू घरात येणं हा गल्लीत मान होता. कुणाचं लग्न झालं, कुणाचा मुलगा फौजेतून परतला, की आपा कुशीत पिल्लू घेऊन दारात हजर. मोठ्या माणसाच्या हातच्या भेटीला नाही म्हणायची कुणाची छाती होती? आता बाजारात, नाल्याकाठी, मशिदीमागे, जिकडे पाहावं तिकडे तिचेच पांढऱ्या छातीचे कुत्रे. आणि पहिला बर्फ पडला की मोकाट कुत्री मारायला बंदूकवाले यायचे.

त्या दिवशी शाळेच्या मैदानात नुरजात डॉक्टरीणबाईची गाडी लागली. एका कोंबडीच्या किमतीत कुत्र्याचं नसबंदीचं ऑपरेशन, वर कानात पिवळा बिल्ला. बिल्ला असेल त्या कुत्र्याला गोळी घालायची नाही, असं ठरलेलं. पण दुपार झाली तरी एक शेपूट तिकडे फिरकलं नाही. आज गाडी रिकामी गेली तर पुन्हा या गावात यायची नाही, असं ड्रायव्हर सगळ्यांना सांगत सुटला होता.

आपा खूश होती. आली होती म्हणे माझ्या कुत्रीच्या वंशाला सुरी लावायला, असं ती सुनेला ऐकवत होती. केन्जेगुल चहा ओतत होती. एरवी ती सासूपुढे तोंड उघडत नसे.

"आपा, लोकांना यायचंय. तुमच्यामुळे अडलेत."

"मी काय त्यांचे पाय बांधलेत?"

"तुम्ही दिलेलं कुत्रं तिथे न्यायचं म्हणजे तुमची भेट नकोशी झाली, असं होतं ना. शेजारचे तोक्तोसुन-बाइके सकाळपासून कुत्र्याची दोरी धरून कुंपणाआड बसलेत."

आपाचा चहा हातातच राहिला. गेल्या हिवाळ्यात गोळ्यांचे आवाज आले तेव्हा तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या. आता ती उठली, डोक्याला रुमाल गच्च बांधला.

"पीठ मळ. आज माझं आशर आहे."

आशर म्हटलं की संपलं. एकाच्या कामाला अख्खी गल्ली येणार, आणि बोलावणाऱ्याने सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. आपा काठी आपटत दारोदार फिरली. तोक्तोसुनच्या कुंपणाशी थांबून म्हणाली, "बाहेर ये रे. नातवंडं माझी, आणि लपून तू बसतोस?"

तासाभरात मैदानाला जत्रेचं रूप आलं. कढईत बोरसोक फुगत होते. ऑपरेशन झालेले कुत्रे लोकरीच्या नमद्यांवर जिभा बाहेर काढून, लग्नात जास्त झालेल्या पाहुण्यांसारखे पसरले होते. नुरजातचे हात मोकळे नव्हते, म्हणून आपाच तिच्या तोंडात गरम बोरसोक कोंबत होती आणि किती वाळलीस म्हणून रागवतही होती.

शेवटी आपाची कुत्री काराकोझ. गुंगी चढेपर्यंत तिचं डोकं आपाच्या मांडीवर होतं.

"आपा, हिला आता पिल्लं होणार नाहीत," नुरजात हळूच म्हणाली.

"गल्ली भरली तिने. आता निवांत लोळू दे." आपाने डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं आणि लगेच आवाज चढवला. "वसंतात परत ये. वरच्या गल्लीला अजून माझी काठी दिसलेली नाही."

"तिथेही तुमचीच पिल्लं?" तोक्तोसुनने विचारलं.

"मग काय, तिथल्या लग्नांना मी हात हलवत गेले होते?"

नुरजातला हसता हसता सुई खाली ठेवावी लागली. येते म्हणाली.