सवाष्णीनं बोलू नये

“ही सुपारी म्हणायची का मुरूम? चार दात उरलेत, तेही जावेत असं दिसतंय घरातल्यांच्या मनात.”

अडकित्त्याच्या पात्याला चिकटलेला तांबूस कण कुसुमावती नखानं काढत राहिली. ओसरीवरची नवऱ्याची, जगदेवरावांची, कुरकुर थांबली, की मागोमाग खोकला येणार... आला. दाराआड श्वास धरून ती तो संपायची वाट बघू लागली. हल्ली तो संपला तरी त्यांच्या छातीत काहीतरी घरघरत मागे राही.

आज वटपौर्णिमा. शेजारच्या माळवी बायकांची वडाची पूजा पंधरवड्यापूर्वी, अवसेलाच झालेली. देवासच्या वडाला महिन्यात दोनदा नवरे राखावे लागतात, असं तात्या म्हणत. तात्या जगदेवरावांचे दरबारच्या नोकरीपासूनचे स्नेही. आताही समोर सोंगट्यांचा पट मांडून बसले होते.

“मग भिया, करायचं का ते काम?” तात्यांनी माळवी ढंगात विचारलं.

“कुठलं?”

“तेच. कागदाचं.”

“पत्रिकेत ऐंशी वर्षं आहेत मला. आणि सणाच्या दिवशी हा विषय काय काढतोस?”

“बरं बाबा. चातुर्मास तोंडावर आलाय. दिवाळीनंतर बघू.”

आणि सोंगट्या खुळखुळल्या.

ते काम म्हणजे मृत्युपत्र – पण हा शब्द या घरात कुणी तोंडातून काढला नव्हता, जणू नाव घेतलं की तो उंबरा ओलांडून आत येईल. काही लिहिलं नाही तर घर पहिल्या बायकोच्या मुलाचं, विश्वासरावाचं. आणि तो तर कन्नौदहून येई तेव्हा कुसुमावतीच्या हातचं पाणीही घेत नसे... गेल्या प्लेगात तात्यांचे भाऊ गेले. तेही दिवाळीनंतरच बघणार होते. त्यांची बायको वासंती आता तात्यांच्या घरी चुलीपाशी निजते. तात्या भला माणूस, आणि भल्या माणसाच्या घरी ही गत, तर—

विचारावं? पण कपाळी कुंकू असताना बाईनं हे विचारायचं म्हणजे नवऱ्याचं मरणच मागायचं. मग पूजेला गेल्यावर, वडाभोवती सूत गुंडाळतानाही ती ओठांनी सात जन्म मागत होती – आणि आत कुणीतरी हिशेबी बाई म्हणत होती, सात राहू देत, याच जन्मातली मागची खोली तेवढी माझ्या नावे... तिला स्वतःचीच भीती वाटली. झाडाखाली सगळ्याच बायका पुटपुटत होत्या. त्या तरी नक्की काय मागत असतील?

घरी आली तेव्हा तात्या गेले होते. तिनं वाकून नमस्कार केला.

“अखंड सौभाग्यवती भव,” जगदेवराव म्हणाले, दरवर्षीसारखंच, तिच्याकडे न बघता.

अखंड... म्हणजे मी आधी मरायचं. एवढाच काय तो माझा बंदोबस्त. याला ना कागद लागतो, ना साक्षीदार. तिला हसू आलं.

“आणि तसं नाही झालं तर?”

“काय?”

“मी विचारते—” इतक्या वर्षांत ती त्यांना कधी ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती, ‘इकडे’ म्हणूनच बोलायची. “तुम्ही मेल्यावर मी कुठं राहू?”

आता काहीतरी कोसळेल म्हणून ती उभी राहिली. काही कोसळलं नाही. ते रागावलेसुद्धा नाहीत. पहिल्यांदाच नीट बघत होते तिच्याकडे, कुणाची तरी ओळख पटावी तसे. आणि तिला त्यांची दया आली नाही, भीतीही वाटली नाही... ती फक्त उत्तराची वाट बघत होती.