भेटीची वेळ : दहा ते एक

बाई सोमवारी सकाळी पावणेअकराला गेल्या. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर मागच्या दाराने आले, त्यांनी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, कागदावर लिहून सही केली आणि मागच्याच दाराने परत गेले. पुढून गेले असते तर दवाखान्यासमोरच्या उघड्या गटाराबद्दल बोलल्यावाचून त्यांना राहवलं नसतं, आणि मग नंबर घ्यावा लागला असता.

तरी आपण तूर्त असं धरून चालू की यातलं काहीच घडलेलं नाही. सोमवार हाही भेटीचा दिवस. पुढच्या खोलीत माणसं बसलेली. आणि भेटीच्या दिवशी बाई नाहीत असं छत्तीस वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं.

बाई वॉर्डातून चार वेळा निवडून आल्या आणि पाचव्यांदा पडल्या. पडल्यावर त्यांनी एवढाच फरक केला की कचेरीतली खुर्ची सोडली, घरातली पहिल्यापासून होतीच. टेबल, वही, आणि दाराजवळ खिळ्याला अडकवलेले नंबर, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कापलेले. ज्याला बोलायचं त्याने नंबर घ्यायचा, हा नियम घरच्यांनाही लागू. धाकटी लेक दहा वर्षांची असताना सहलीच्या कागदावर सही हवी म्हणून तिने एकोणीस नंबर घेतला होता. अठराव्याचं भांडण पाण्याच्या टाकीवरून होतं, ते लांबलं, आणि सहल निघून गेली. 'आई' अशी हाक मारली तर बाई मान वर करायच्या नाहीत, 'बाई' म्हटलं की लगेच करायच्या. म्हणून पोरंही बाईच म्हणायला लागली.

ही धाकटी आता बेचाळीस वर्षांची. दुसऱ्या शहरात दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या वेळा सांभाळते. गाल सुजलेल्या माणसाला गोड बोलून तासभर थांबवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. शिक्षण घरीच झालं होतं.

चार दिवसांपूर्वी ती रजा टाकून आली होती. बाई आतल्या खोलीत खाटेवर होत्या. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "बोला. काय काम आहे?"

"काम नाही. बसलेय नुसती."

"बिनकामाचं कोण बसतं इथे," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्यानंतर धाकटी खाटेजवळून हलली नाही. आता डोळे उघडतील, आता म्हणतील, अगं, तू होय, कधी आलीस. एवढंच हवं होतं तिला. जास्त नाही, दीड वाक्य. पण बाईंनी परत तोंड उघडलं नाही, आणि सोमवारी पावणेअकरा वाजले.

डॉक्टर गेल्यावर ती थोडा वेळ पंख्याकडे बघत बसली, मग दादाला सांगायला पुढच्या खोलीत आली.

दादा, म्हणजे थोरला भाऊ, टेबलापाशी वही लिहीत होता. तीस वर्षं तो बाईंची वही लिहीत आला होता आणि लग्न करायचं त्यात राहून गेलं होतं. बाई खाटेला खिळल्यापासून तो तक्रार लिहून घ्यायचा, "बाईंना विचारून येतो" म्हणून आत जायचा आणि उत्तर घेऊन यायचा. शुक्रवारपासून बाई काही बोलतच नव्हत्या, तरी उत्तरं येत होती. धाकटीला त्यातली गोम माहीत होती. दादा आतल्या खोलीपर्यंत जातच नसे. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून घोटभर पाणी प्यायचा, बाई काय म्हणाल्या असत्या ते ठरवायचा आणि परत यायचा.

"दादा, जरा," ती म्हणाली.

"नंबर घे," दादाने वर न बघता सांगितलं. त्याच्यासमोर सहावा नंबर बसला होता.

आणि तिने घेतला. हात खिळ्याकडे आपोआप गेला. चौदा.

भिंतीकडेच्या बाकावर जागा होती, तिथे ती बसली. ओरडून सांगता आलं असतं. पण बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की चौदा नंबर पुकारला जात नाही तोवर बाई आहेत. निदान या खोलीत आहेत. तिने पुठ्ठा मुठीत धरला.

सहावा नंबर निवृत्त पोस्टमनचा होता. बागेतला नवीन बाक भिंतीकडे तोंड करून बसवला होता. "बसलं की नाक विटेला लागतं," तो म्हणाला. दादा आत जाऊन आला. "बाई म्हणाल्या, बाक सिमेंटमध्ये पक्का केलाय, हलायचा नाही. भिंतीवर काहीतरी बघण्यासारखं काढून घ्या."

"बघा," पोस्टमन खोलीला म्हणाला, "आजारी आहेत, पण डोकं कसं चालतंय."

धाकटीच्या शेजारी शिंपीणबाई होती, नववा नंबर. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मुलीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी बाई दारात हजर. पेन्सिलीला टोक आहे का बघायला. मी आई, माझ्या लक्षात नाही."

"असं?" धाकटी म्हणाली. ती स्वतः कितवीत आहे हे बाईंना दर वर्षी अंदाजाने सांगावं लागे आणि बाई एक इयत्ता कमीच धरत.

"तुमचं काय काम, ताई?"

"निरोप द्यायचाय."

"कुणाचा?"

"आतला."

शिंपीणबाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मुठीकडे पाहिलं. माप घेणाऱ्या बाईला दोनदा बघावं लागत नाही. तिने आपला नववा नंबर पुढे केला. "तुम्ही आधी जा."

"नको. चौदाच बरा आहे."

शिंपीणबाईने मान हलवली. मग ती पलीकडच्या न्हाव्याच्या कानाशी वाकली, न्हावी गणिताच्या मास्तरांच्या. टेबलापर्यंत ते कोणी पोचू दिलं नाही. फक्त त्यानंतर वॉर्डातल्या तक्रारी लांबायला लागल्या.

शिंपीणबाईचं काम नळाच्या पाण्याचं, दोन वाक्यांचं. ती पाण्याच्या इतिहासात शिरली. न्हाव्याने रस्त्यावरच्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आणि स्वभाव सांगितला. मास्तर तर तक्रार द्यायला आलेच नव्हते, आभार मानायला आले होते. दिवसा जळणारा रस्त्यावरचा दिवा अखेर बंद झाला होता. "पण तो बंद झाल्यावर," मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसला. "बंद झाल्यावर कसं वाटतं, ते जरा सविस्तर लिहून घ्या."

"मास्तर, दिवसा बंद असतो ना? चांगलं आहे की."

"तुम्ही लिहा हो."

दादा लिहीत होता, ओट्याला टेकून येत होता, उत्तरं देत होता. गेल्यानंतर बाईंनी त्या दिवशी आठ निर्णय दिले आणि बाकाचा सोडला तर सगळे योग्य होते. तेरावा नंबर गवंड्याचा होता. मुळात अबोल माणूस. फुटक्या गटाराबद्दल तो शक्य तेवढं बोलला, मग गटार संपलं, मग त्याने आपलं नाव पुन्हा एकदा सांगितलं. मग तोही उठला आणि भिंतीशी उभा राहिला. आपापली कामं झालेली बाकीची माणसंही तिथेच उभी होती, घरी कोणी गेलं नव्हतं. हे दादाने आता पाहिलं.

"चौदा," तो म्हणाला.

धाकटी समोरच्या खुर्चीत बसली. पुठ्ठा टेबलावर ठेवला. घामाने मऊ झाला होता.

"दादा, बाई गेल्या."

"कधी?"

"पावणेअकराला."

दादाने वही उलटी चाळली. सहा ते तेरा, प्रत्येक नोंदीखाली त्याचंच अक्षर होतं: बाईंना विचारले. एकेका ओळीवर तो बोट ठेवत गेला.

"मग मी कोणाला विचारत होतो?" तो म्हणाला.

पोस्टमनने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून परत घातली.

"मी जवळ होते," धाकटी म्हणाली. "चार दिवस. दादा, तिने मला ओळखलंच नाही रे."

दादाने पेन उचललं. तीस वर्षांची सवय, नवीन ओळीवर आकडा पडला. "ही झाली हकीकत," तो म्हणाला. "मागणी काय ते सांग. मागणीशिवाय नोंद होत नाही, धाकटे."

ती सांगत गेली. त्याने लिहिलं, आणि लिहिताना ते कचेरीच्या भाषेत गेलं, कारण त्याला दुसरी येत नव्हती.

अनुक्रमांक १४. अर्जदार : मुलगी. राहणार : सदर घर, आतली खोली. विषय : ओळख पटविण्याबाबत. अर्जदार ही चार दिवस समक्ष हजर असूनही तिची दखल घेतली गेलेली नाही. तरी अर्जदाराच्या आईस काही क्षणांपुरते उठवून बसवावे, व समोर कोण बसले आहे हे तिने स्वतःहून सांगावे. भेटीची वेळ एक वाजेपर्यंतच असल्याने सदर काम आजच व्हावे, ही नम्र विनंती.