चतुर शोधणारी दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. माझ्या बहिणी जहाजांवर आणि मैदानांवर मिरवतात, मैलभर लांबचं डोळ्यापुढे आणून ठेवतात. मला ते फारसं जमत नाही. माझी करामत जवळचं दाखवण्यात. कारखान्यात मला शेवटचं तपासणाऱ्या बाईनं समोरच्या टेबलावर बसलेली माशी माझ्यातून पाहिली, तर तिला माशीच्या पायांवरचे केस दिसले. "बाई गं!" म्हणून तिनं मला झटकन डब्यात घातलं.

पुढे दुकानाच्या काचेमागे मी बरीच धूळ खाल्ली. लोकांना लांबचं बघायचं असतं, जवळच्याची कुणाला पडलेली नसते. मग एके दिवशी मामा आले. मामा म्हणजे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दोन मजल्यांच्या मधल्या अंधारात लोंबकळत त्यांची नोकरी सरली होती. निवृत्तीनंतर त्यांच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर एक लालभडक चतुर येऊन बसला आणि गडी त्याच्या नादीच लागला.

दुकानदार म्हणाला, "ही मोठी घ्या साहेब. डोंगरावरच्या शेळ्या मोजाल."

"शेळ्या मोजून काय करू? मला माझ्या बुटाची नाडी दिसायला हवी."

मामांनी मला खाली रोखलं. नाडी दिसली, तिचा सुटलेला धागासुद्धा दिसला. त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यात पडले.

आम्ही पुष्कळ हिंडलो. तळी, डबकी, कालवे. मामांचा एक गुडघा कुरकुरत असे, म्हणून त्यांच्या बहिणीचा जीव खालीवर व्हायचा. तिनं आपल्या लेकीला, मामांच्या भाचीला, आमच्यामागे लावून दिलं. "जा बाई याच्याबरोबर. चतुर दिसला की याला खाली जमीन आहे की नाही तेही कळत नाही." भाची इस्पितळात नर्स होती. आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला ती जांभया देत निघाली.

मामा तिला नदीवर घेऊन गेले. उन्हाळ्यानं पात्र आटलेलं. मधोमध गोट्यांचं एक लांबट बेट उघडं पडलेलं, आणि त्याच्या अल्याड घोटाभर पाणी. वर वळणापलीकडे धरण होतं, पण इथून ते दिसत नसे. काठावर एक गंजका फलक होता, त्याची अक्षरं कधीच उडून गेली होती. शेजारच्या खांबावर भोंगा होता. भोंग्याच्या तोंडातून वाळलेल्या काड्या लोंबत होत्या. कुण्या पाखरानं आत घरटं केलं होतं.

"मामा, हा भोंगा वाजतो का रे?"

"वाजत असेल की. तू इकडे बघ."

मग शिकवणी सुरू झाली. ऊन चांगलं तापलं होतं, चतुरांची हीच वेळ. मामांनी मला भाचीच्या हातात दिलं.

"आधी नुसत्या डोळ्यांनी शोध. दिसला की नजर न हलवता दुर्बीण वर आण. सावली त्याच्यावर पडू देऊ नकोस, लगेच उडेल. आता त्या लव्हाळ्यावर काय आहे?"

"चतुर."

"पंख कसे ठेवलेत?"

"पाठीवर मिटलेत."

"मग ती टाचणी, चतुराची बारीक चुलत बहीण. चतुर बसतो तो पंख पसरून. डोळे बघ. टाचणीचे दोन बाजूंना दोन, लांब लांब. चतुराचे म्हणजे डोक्यावर हेल्मेट चढवल्यासारखे."

"आणि रंगावरून नाव ओळखायचं?"

"रंगावर जाऊ नकोस, फसशील. पिवळा दिसतो तोच मोठा झाल्यावर लाल होतो. पंखांवरचे डाग बघ, शेपटीचं टोक बघ, कुठल्या पाण्यावर आहे ते बघ. साचलेल्यावर एक, वाहत्यावर दुसरा."

भाचीच्या जांभया थांबल्या. पाण्यातल्या एका काळ्या दगडावर निळा चतुर बसला होता. तो उडायचा, हवेतच काहीतरी पकडायचा आणि फिरून त्याच दगडावर यायचा. "हा तर आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखा आहे," भाची हसून म्हणाली. "दुसरी खुर्ची चालतच नाही."

मामांना बेटाच्या पलीकडच्या कडेला एक वेगळा दिसला. पंखांच्या मुळाशी तांबूस डाग होता. पँट दुमडून, काठी टेकत ते बेटावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उकिडवे बसले.

मी भाचीच्या डोळ्यांना होते आणि आम्ही निळ्या चतुरावर नजर लावली होती. तो उडाला, परत आला. पुन्हा उडाला, पुन्हा आला. त्यानंतर मात्र तो आला आणि बसला नाही. दगडावर घिरट्या घालत राहिला. भाचीनं माझं चाक फिरवलं. तिला वाटलं, मीच धूसर झाले. मी अगदी स्वच्छ दाखवत होते. दगड नव्हता.

तिनं मला खाली केलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. पाणी मात्र गढूळ झालं होतं आणि त्यावरून काटक्या, पानं, पिवळा फेस वाहत होता. टाचण्या लव्हाळ्यांच्या शेंड्यांवर सरकल्या होत्या. पक्ष्यांचा आवाज बंद झाला होता.

"मामा! परत ये! पाणी चढतंय!"

मामांनी मागे न बघता हात हलवला. "ओरडू नकोस गं, उडून जाईल!"

"मामा, ऊठ!"

ते वळले तेव्हा बेट अर्धं झालं होतं. ते उठले, आणि गुडघा अडला. काठी टेकत ते पाण्यात उतरले. मघाशी घोटाभर होतं तिथे आता मांडीपर्यंत होतं. मधोमध काठी सुटली आणि पाण्यानं ती नेली.

भाचीनं काठावरच्या झाडाचं मूळ एका हाताच्या कोपरात अडकवलं, मला गळ्यातून काढलं, पट्ट्याचं एक टोक माझ्या कडीतून सोडवलं आणि ते मुठीत धरून मला मामांच्या दिशेनं फेकलं. मी पाण्यात आपटले, बुडाले. चिखलाशिवाय काही दिसेना. मग माझ्याभोवती बोटं आवळली गेली. म्हाताऱ्या माणसाची बोटं इतकी आवळतात हे मला ठाऊक नव्हतं.

"सोडू नकोस," भाची म्हणत होती. "मामा, माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको. माझ्याकडे."

पट्टा टिकला. कडी वाकली, पण टिकली. दोघं काठावर येऊन पडले तेव्हा बेट कुठे होतं हे सांगताही आलं नसतं. भोंगा गप्पच होता.

भाची नंतर धरणाच्या कचेरीत भांडून आली. तिथला माणूस म्हणाला, "धरणाचं दार उघडण्याआधी आम्ही भोंग्याचं बटण दाबलं होतं." दाबलंही असेल. काठावर आवाज आला नाही, एवढं मी सांगते.

आता मी भाचीकडे असते. माझ्या डाव्या नळीत धुकं साचलंय, ते पुसता येत नाही. ती नव्या लोकांना चतुर दाखवायला नेते, पण कुणाला पात्रात उतरू देत नाही. गेल्या खेपेला एकजण हसला, "एवढंसं तर पाणी आहे!" म्हणाला. ती त्याच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन उभी राहिली. तुम्हीही चतुर बघायला जरूर जा. मात्र वर धरण आहे का, ते आधी विचारा. आणि माझ्यासारखीला डोळ्याला लावाल तेव्हा अधूनमधून खाली करा. मी एकच गोष्ट दाखवते, भोवतालचं सगळं लपवते.

मामा आता घराबाहेर पडत नाहीत. परवा भाची मला घेऊन त्यांच्याकडे गेली. खिडकीच्या गजावर एक लाल चतुर पंख पसरून बसला होता.

"मामा, बघ तरी. कुठला हा?"

मामांनी मला हातात घेतलं, पण डोळ्याला लावलं नाही. ते फरशीकडे बघत होते.

"पाणी कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"मामा, आपण घरात आहोत. तिसऱ्या मजल्यावर."

"हो," मामा म्हणाले, आणि हळूच दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले.