सात नंबरचा ठराव

आमच्या साखर कारखान्याची वेबसाईट ज्याने बनवली, त्याला मी एकदा माझ्या क्लासात पहिल्या बाकावर बसवणार आहे. श्रीगोंद्यात मी नऊ वर्षं कॉम्प्युटर शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, की कुठे दाबायचं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळलं पाहिजे. आणि इथे 'वार्षिक सभा' दाबलं की भंगार विक्रीची निविदा उघडते. 'निविदा' दाबलं की चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचे फोटो. सभेची खरी वाट त्या फोटोंच्या तळाशी, डोळे ताणून बघावं इतक्या बारीक अक्षरांत लपवलेली होती. ती सापडायला मला वीस मिनिटं लागली.

शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या, मुक्ताबाई. मी त्यांना आत्या म्हणते. ठेवणीतलं लुगडं नेसून, कुंकवाच्या जागी गोंदण असलेलं कपाळ ताठ ठेवून, सभेला जावं तशाच त्या क्लासात आल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत ऊसनोंदीच्या तीन पावत्या होत्या.

त्या पावत्यांसाठीच सगळी धडपड चालली होती. सभेपुढचा सात नंबरचा ठराव असा, की सलग तीन हंगाम ज्यांनी ऊस घातला नाही त्यांचं सभासदत्व रद्द. आम्ही तिन्ही वर्षं नोंद केली होती. कारखान्याची तोडणीची टोळीच आली नाही. उसाला तुरे आले, तरी कारखान्यातून रोज उद्याचा वायदा. शेवटी ऊस गुऱ्हाळाला घातला. मागच्या निवडणुकीत आत्यांनी दुसऱ्या पॅनलचं काम उघड केलं होतं, त्याचा हा सूड. सासरे गेल्यावर सभासदत्व आत्यांच्या नावावर आलं. तेव्हापासून बावीस वर्षं त्यांनी एक सभा चुकवली नाही. बाप्यांच्या गर्दीत उभं राहून त्या प्रश्न विचारायच्या. सभासदत्व गेलं की मत गेलं आणि तिथे उभं राहायचा हक्कही गेला. यंदा सभा ऑनलाईन का ठेवली, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पडद्यावर लाल अक्षरांत 'थेट प्रक्षेपण' लिहिलेलं, खाली गोल फिरतोय, आणि चेअरमन तोंड उघडं ठेवून थिजलेले. मी बाकीची पानं बंद केली. ब्राउझर बदलला, साठलेला कचरा पुसला. वायफायचा डबा बंद करून चालू केला, मग मोबाईलचं नेट जोडलं. आवाज आला तर चित्र जायचं, चित्र आलं तर आवाज. प्रश्नाच्या रकान्यात मी आत्यांचा प्रश्न चार वेळा टाईप केला. चारही वेळा पाठवताना रकाना कोरा झाला. मदतीसाठी दिलेला नंबर कुणी उचलेना.

"आपल्याकडूनच काय चुकतंय का गं?" आत्यांनी हळूच विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या नालायकपणाचा दोषही माझ्या सासूने स्वतःच्या पदरात घ्यायचा. मी माउस आपटला आणि रागारागात व्हिडिओखालची वेळेची पट्टी पकडून पुढे ओढली. ती सरकली.

मी हात थांबवला. थेट चाललेली सभा पुढे सरकत नाही. जे घडलंच नाही ते दिसणार कसं? भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती, सभेची निम्मी वेळही झाली नव्हती, आणि पडद्यावर चेअरमन सगळ्यांचे आभार मानून सभा संपवत होते. हे केव्हाच रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं.

"आत्या, सभा आधीच उरकलीय यांनी. ही नुसती फिल्म लावलीय."

"सात नंबर लाव."

मी मागे येऊन लावला. तिथे व्हिडिओ एकदाही अडकला नाही. चेअरमननी ठराव वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अनुमोदक, आपल्या जुन्या सभासद श्रीमती मुक्ताबाई सहादेव दरेकर. ठराव एकमताने मंजूर." मग टाळ्या.

आत्यांचं सभासदत्व आत्यांच्याच तोंडून काढून घेतलं होतं. मी शिव्या दिल्या, सासूसमोर, पहिल्यांदाच. तीन वेळा त्यांनी मला तेवढाच भाग परत लावायला लावला.

"कागदावर सभा कितीपर्यंत हाय?"

"एकपर्यंत."

"मंग काढ गाडी."

स्कूटीवरून जाताना मला नीट दिसतही नव्हतं, इतकी चिडले होते मी. कारखान्याच्या सभागृहाला कुलूप होतं. वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर ऑफिसातला अमृत एकटा बसला होता. चाळिशीचा माणूस, कारखान्यात चौदा वर्षं नोकरी. आम्हाला बघून उभाच राहिला.

"मावशी, मला फक्त लावून बसायला सांगितलंय."

"माझं नाव कोनी घातलं?"

"यादी वरून आली. बायामानसाचं एक तरी नाव पायजे म्हनले."

पडद्यावर दोन पर्याय होते, 'रेकॉर्डिंग' आणि 'कॅमेरा'. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हा दाबला की सगळीकडे इथलं दिसतं ना?"

"ताई, माझी नोकरी जाईल."

मी त्याला वाट्टेल ते बोलणार होते, पण आत्यांनी माझा हात दाबला. "अमृत, तू च्या पिऊन ये. घाई करू नको."

तो कॉम्प्युटर तसाच उघडा ठेवून निघून गेला.

मी कॅमेरा चालू केला. सभासदांच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांचा व्हिडिओ अडकलाय त्यांनी पान बंद करून पुन्हा उघडा.' बघणाऱ्यांचा आकडा सहावर होता. तो चाळीस झाला, मग दोनशे, मग मी बघणं सोडलं.

आत्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सभेत उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या.

"मी मुक्ताबाई दरेकर. सात नंबरला मी अनुमोदन दिलेलं न्हाई. माझा इरोध हाय, तो लिवून घ्या. ह्या तीन सालाच्या नोंदी." त्यांनी एकेक पावती कॅमेऱ्यापुढे धरली. "टोळी तुमी धाडली न्हाई. आनि आज सभा म्हनून जे दावताय ती सभा न्हाई. हितं खाली कुलूप हाय. ज्याला खोटं वाटतंय त्यानं येऊन बघावं."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. मी उचलून स्पीकरवर टाकला.

"अमृत, कोण बाई आहे ती? बंद कर ते आधी." व्हिडिओतलाच आवाज, पण आता घाबरलेला.

आत्या फोनकडे वळल्या. कॅमेरा चालू होता.

"साहेब, सभा चालू हाय," त्या म्हणाल्या. "तुमी कुठं हाय?"