डागाहून गडद

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे. डोळे मिटून विश्वास ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांच्याच पायी माझी हाडं उघडी पडली.

मी एक जुना सज्जा आहे. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात, सुब्बरावांच्या दारावर, भिंतीतून हात पुढे काढावा तसा मी बाहेर आलेलो आहे. दारावर ऊन येऊ द्यायचं नाही, पाऊस येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. तुमच्या घरालाही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्या अंगावर काय काय आहे, सांगा पाहू. नाही सांगता येत ना? माणूस नावाचा प्राणी मान वर करतो ती कबुतर अंगावर शिटल्यावर. तेव्हाही तो कबुतराकडे बघतो, सज्ज्याकडे नाही.

माझा जन्म मालोजीरावांच्या देखरेखीखाली झाला. ते सुब्बरावांचे वडील. घराणं रंगाऱ्यांचं, पिढ्यान् पिढ्या कापड रंगवणारं. मालोजीरावांनी माझ्यासाठी नंजनगूडहून कपिलेच्या पात्रातली वाळू आणवली, पुन्हा चाळून घेतली आणि माझ्या लोखंडी सळ्या स्वतः उभं राहून बांधून घेतल्या. माझ्या खालच्या फळ्या काढल्या त्या दिवशी दसऱ्याचा अंबारीचा हत्ती सरावाला निघाला होता. तो नेहमीचा रस्ता सोडून आमच्या गल्लीत शिरला, मला पाहून थबकला आणि सोंड उचलून सलाम करता झाला. माहुताचं म्हणणं, राजवाड्यासमोरही याची सोंड इतकी वर गेली नव्हती. हसा खुशाल. हत्तीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

माझ्या खाली जगली आहे, म्हणजे दारापुढचा ओटा. तिथं वेताच्या खुर्चीत जमुनाबाई बसतात. या मालोजीरावांच्या पत्नी, सुब्बरावांच्या आई. त्यांनी लावलेला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वेल माझ्या पाठीवर चढला आहे. रोज संध्याकाळी त्या लांब आकडीनं फुलांचे झुबके खाली ओढतात आणि जाता जाता त्याच आकडीनं माझ्या पोटावर दोन टोले देऊन विचारतात, ‘कसा आहेस रे?’ मी ठण् ठण् वाजतो. इतक्या वर्षांत माझी चौकशी केलेलं हे एकच माणूस. बाकीच्यांनी माझ्याखाली फक्त चपला काढल्या.

दसऱ्यात मात्र माझा रुबाब असे. घरात बाहुल्यांची आरास मांडली जाई, सगळ्या मोहल्ल्यातल्या बायका ती बघायला येत आणि आत शिरण्याआधी माझ्या सावलीत घोळका करून उभ्या राहत. घर किती नेटकं ठेवलंय, असं म्हणत. ते मी माझ्याच खात्यात जमा करून घेई.

मग मालोजीराव गेले आणि घर सुब्बरावांच्या हाती आलं. मित्रांनो, सुब्बराव दुष्ट नाहीत. दुष्ट माणूस निदान लक्ष देऊन वाईट वागतो.

वेलाची पानं गळून माझ्या पाठीवरचं पाणी जायचं भोक बुजलं. एक पिंपळाचं रोपटंही तिथं येऊन बसलं, भाडं न देता. पाऊस थांबला तरी माझ्या पाठीवर तळं साचलेलं. त्या तळ्यात बेडकांनी संगीत विद्यालय काढलं होतं आणि धारवाडहून उस्ताद बेडूक शिकवायला येत असे, पण ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की पाणी आत मुरू लागलं. आधी माझ्या कडेला केसाएवढी चीर गेली. मग लोणा फुटून पांढरी भुकटी झडू लागली. रंगाला फुगे आले. शेवटी पोटाखाली सळीच्या रेषेत तांबूस डाग उमटला.

कुठल्याही शहाण्या माणसानं शिडी लावली असती. पण हे पडले रंगारी.

रंगाऱ्यांकडे एक जुनी रीत असते. कापडावर न निघणारा डाग पडला, तर ते घासत बसायचं नाही. डागाहून गडद रंगात अख्खं कापड बुडवायचं. डाग जात नाही, दिसेनासा होतो. लुगड्याला ही रीत शोभते. लुगडं कुणाच्या डोक्यावर कोसळत नाही.

सुब्बरावांनी ती मला लावली. दसऱ्याआधी घराला बदामी रंग दिला. डाग बदामीतून वर आला. पुढच्या दसऱ्याला काताचा रंग. डाग त्यातूनही डोकावला. त्याच्या पुढच्या वर्षी घर थेट कॉफीच्या रंगाचं झालं. गावातल्या गोकुलम भागात योग शिकायला आलेले परदेशी पाहुणे एकदा वाट चुकले, आमच्या घराला कॉफीचं दुकान समजले आणि जगलीवर मांडी घालून बसले. जमुनाबाईंनी फिल्टरची कॉफी दिली. जाताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. डाग कुणालाच दिसला नाही आणि सुब्बराव मिशीत हसले.

त्यांची मुलगी दिव्यश्री कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिचं मराठी अर्धं कन्नडातून जातं आणि उरलेलं इंग्रजीतून. यंदा दसरा जवळ आला तशी ती एकदा माझ्याखाली उभी राहिली आणि तिनं चक्क वर पाहिलं. मला तर लाजच वाटली.

“अप्पा, इल्ली नोडी, इकडे बघा,” ती म्हणाली. “हा स्टेन नाही. आतली सळी गंजून फुगलीय. उद्या तुकडा पडेल. आज्जी नेमकी इथंच बसते.”

सुब्बरावांनी डोळे बारीक करून डाग पाहिला, कापडाचा पोत पाहावा तसा.

“आमच्या घराण्याला तू रंग शिकवतेस?” ते म्हणाले. “यंदा एक शेड वाढवू. अष्टे, बाकी काही नाही.”

आज्जीची खुर्ची जरा अलीकडे घ्यायला लावा, असंही दिव्यश्रीनं म्हणून पाहिलं. सुब्बरावांनी उत्तर दिलं की चाळीस वर्षांची जागा आहे, आता कशाला हलवायची. यावर मी काय बोलू? हत्ती असता तर त्यानं कान झाकून घेतले असते.

त्या संध्याकाळी जमुनाबाईंनी फुलं काढली आणि नेहमीप्रमाणे दोन टोले दिले. मी ठण् ठण् वाजायला गेलो आणि बद् बद् वाजलो. आतून पोकळ झालेलं माणूस बोलतं तसा. त्यांनी पुन्हा टोला दिला. पुन्हा तेच. ‘कसा आहेस रे’ हे त्यांनी विचारलंच नाही. आकडी छातीशी धरून त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सुब्बराव रंगाचा डबा आणायला गेले. दिव्यश्री ऑफिसला. संध्याकाळी बायका बाहुल्या बघायला येणार होत्या. आणि आता ऐका माझा पराक्रम. माझ्या पोटाचा पाटाएवढा तुकडा सुटला होता. गंजलेल्या एका सळीच्या बळावर मी तो दातओठ खाऊन धरून ठेवला. जगली रिकामी झाली, खुर्चीही तिथं नाही, असं बघितलं, नेम धरला आणि मगच सोडला. धाडकन् आवाज झाला. पुढच्या गल्लीतल्या टांग्याचा घोडा म्हणे पार दूरच्या सरगूर गावाला पोचला.

सुब्बराव डबा हातात घेऊन दारात आले. उघड्या सळ्या त्यांनी नंतर पाहिल्या. आधी पाहिली ती खुर्चीची जागा. तिथं ढीग पडला होता. जमुनाबाई आतून वेण्या गुंफत बाहेर आल्या तेव्हा ते डबा टेकवून पायरीवरच बसले.

यंदा रंग लागला नाही. गवंड्यानं माझं पोकळ झालेलं सगळं उतरवलं, सळ्या खरवडून पुन्हा झाकल्या, पाठीला उतार दिला, भोक मोकळं केलं. बेडकांचं विद्यालय बंद पडलं. कॉफीच्या रंगावर सिमेंटचं करडं ठिगळ घेऊन मी उभा आहे आणि ते झाकायचं नाही, असा जमुनाबाईंचा हुकूम आहे. सुब्बराव आता रोज माझ्याखाली मान वर करून उभे राहतात. तेही कंटाळवाणंच आहे, पण चालू दे. त्यांच्या आईची आकडी मात्र त्या दिवसापासून पार सरळ झाली आहे. कशानं, ते मला विचारू नका.

तर मित्रांनो, घर तुमच्याशी आधी हळूच बोलतं. केसाएवढ्या चिरेनं, चिमूटभर भुकटीनं, एका फुग्यानं. तेव्हा त्याचं ऐका, त्याच्या तोंडाला रंग फासू नका. कारण प्रत्येक घराला माझ्यासारखा सज्जा लाभत नाही. माणसाच्या काडीइतक्या मदतीशिवाय, निव्वळ स्वतःच्या मनगटावर मी या कुटुंबाला…

खाली वेताची खुर्ची करकरली.

“खोटं बोलतोस,” जमुनाबाई म्हणाल्या. “खुर्ची मी आत नेली. मग अंगणात लांब उभी राहून आकडी अडकवली आणि ओढलं तुला. तू कुठला सोडतोस, बाबा. शेवटपर्यंत चिकटून होतास.”