शेणव्याची साठ घरं

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचं जेवण आटोपलं आणि विहाराच्या ओट्यावर जयरामकाका मोकळेपणानं बोलायला लागले. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक, त्यांच्या लेखी गावाचं नाव काढलेला मुलगा. नाव झालं ते एका लेखामुळे. बारा वर्षांपूर्वी मी आमच्या शेणव्याच्या साठ घरांना दर तीन महिन्यांनी एकच प्रश्न विचारला होता : पुढच्या वर्षी महागाई किती वाढेल? उत्तरं पाच-सहा टक्क्यांपुढे गेली नाहीत. गावकरी महागाईला घाबरत नाही, असं मी सिद्ध केलं. व्याजदर ठरवणारे अजून तो लेख पुढे करतात आणि माझी नोकरी त्याच्यावरच उभी आहे. उत्तरं इतकी सारखी कशी, असं माझ्या गाईडनं तेव्हा विचारलंही होतं. माझी माणसं माझ्याशी खोटं बोलतील का, म्हणून मी त्यांच्यावरच डाफरलो. शहाणा ना मी.

काकांना वाटलं, आता सांगायला हरकत नाही. मी यायच्या आदल्या दिवशी दर वेळी विहारात बैठक व्हायची. पेपरात आलेला सरकारी आकडा काका वाचून दाखवायचे, तेच बरोबर उत्तर धरलं जायचं.

"काय घरांनी पाच बोलायचं, काय घरांनी सहा. सगळी एकच बोलली तं शंका येल ना रे," काका म्हणाले. "तू नापास होऊ नये, येवढंच होतं."

आईला खरं काय वाटत होतं, असं मी विचारलं. माझी बहीण रश्मी जवळच भांडी विसळत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, की त्या वर्षी आईनं डाळ सोडली होती आणि बीपीची गोळी एक दिवसाआड केली होती. मला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती. पुढच्याच वर्षी तिचं अर्धं अंग गेलं, ती अकरा वर्षं अंथरुणात होती. माझ्या तक्त्यात तिचं उत्तर पाच टक्के आहे.

मला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. लेख मागे घ्यावा लागेल, मी म्हणालो. म्हणजे मी चुकलो असं जाहीर करायचं, हेही समजावलं. काकांचा चेहरा उतरला.

"नोकरी जायल?"

"जाऊ शकते."

"मंग कशाला? पुन्ना इचार. आमी पुन्ना तेच सांगू."

मागे बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मला तेव्हाच नाही म्हणता आलं असतं. सोमवारी मी तोच लेख वर्गात शिकवला.